रोटाव्हेटरचा एकरी दर, डिझेल आणि पारावरची लोकसंख्या

काळंरान_४५एचपी
राम राम मंडळी. विषय साधा आहे पण आमच्या पारावर त्याचा पार विचका झाला म्हणून इथं टाकतोय. माझ्याकडं ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, घरचं रान करून उरलेल्या वेळात लोकांची भाड्यानं कामं करतो. बार्शीकडचं काळं रान, पल्टी नांगराला एकरी नऊ-दहा लिटर डिझेल खातं, रोटाव्हेटरला साडेसहा-सात. २०१४ ला डिझेल साठीच्या आसपास होतं तेव्हा मी रोटाव्हेटरचे एकरी ९०० घेत होतो. आता डिझेल नव्वदीत, पाती महाग, ड्रायव्हर मिळत नाही, म्हणून १५०० केले तर लोक म्हणतात लुटायला बसलाय.

परवा पारावर हेच चाललं होतं. आमचे एक रिटायर गुरुजी म्हणाले, "अरे डिझेल महाग होणारच, १९५१ ला देश ३६ कोटी होता, २०११ ला १२१ कोटी झाला, जमिनीतलं तेल तेवढंच आणि तोंडं तिप्पट." तेवढ्यात पुण्यास्नं आलेला पुतण्या म्हणतो, "काका, डिझेल दीडशे व्हायला पाहिजे, त्याशिवाय पर्यावरण वाचणार नाही." मी म्हणलं मग उद्यापास्नं तू वखर ओढ. त्याच्यावर पुतण्याची आई चिडली ते वेगळंच.

तर दोन प्रश्न. एक, तुमच्याकडं रोटाव्हेटरचा एकरी दर काय चाललाय? आणि दोन, डिझेल, पर्यावरण, लोकसंख्या या तिन्हीचा एकमेकांशी खरंच काय संबंध आहे का आपण उगा एका पोत्यात भरतोय?

चहाटळ
धाग्याचं नाव वाचून वाटलं पारावर लोकसंख्या मोजतायत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेमोड्या
गुरुजींना माझा नमस्कार सांगा आणि पंपावरचा हिशोब दाखवा. तोंडं किती आहेत यापेक्षा लिटरमागे हात किती आहेत ते बघायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होतं. मे २०२० मध्ये तेच ३१ रुपये ८३ पैसे झालं. साडेपाच वर्षांत देशाची लोकसंख्या नऊपट झालेली मला तरी आठवत नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ ला १० रुपये कमी केले, मे २०२२ ला ६, म्हणून १५.८० वर आलं, एप्रिल २०२५ ला परत २ वाढवले पण ते पंपावर दिसले नाहीत, कंपन्यांनीच पोटात घातले. याच्यावर राज्याचा व्हॅट. आणि जीएसटी २०१७ ला आला तेव्हा पेट्रोल-डिझेलला मुद्दाम बाहेर बसवलं, कारण ही दुभती म्हैस कुठलंच सरकार सोडणार नाही, कुठल्या का पक्षाचं असेना.

सरकारने डिझेलचा भाव ठरवणं ऑक्टोबर २०१४ ला सोडलं. त्याआधी जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास पन्नास पैसे वाढवत आणलं होतं. तेव्हा सांगितलं होतं की बाजारात उतरलं की तुमचंही उतरेल. जानेवारी २०१६ ला कच्चं तेल बॅरलला तीस डॉलरच्या खाली गेलं, आणि तेवढ्या काळात शुल्क नऊ वेळा वाढलं. उतार मधल्यामध्ये जिरला.

निवृत्त_खडू
मी धाग्यातला गुरुजी नाही पण त्याच जातकुळीतला आहे :) आकडेमोड्या, तुमचे आकडे बरोबर, पण गुरुजींना इतकं उडवून लावू नका. आपण आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. माणसं वाढली की धान्य, भाजी, सिमेंट, बस सगळंच वाढतं आणि या प्रत्येकाच्या पोटात डिझेल आहे. लासलगावचा कांदा वाशीला पायी जात नाही. मी शाळेत लागलो तेव्हा भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि 'हम दो हमारे दो' होतं, आज त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

घाटातला_ब्रेक
माझ्या दोन गाड्या आहेत, दहा चाकी. भरलेली गाडी कसारा चढताना लिटरला किती देते ते विचारू नका, सपाटीला चार दिली तरी ड्रायव्हरला चहा पाजतो. भाड्यातले निम्म्याच्या आसपास डिझेलात जातात, मग टोल, मग हप्ता, मग रस्त्यातले 'इतर'. डिझेल दोन रुपये वाढलं की पेपरात बातमी येते की भाजी महागणार, पण भाडं देणारा शेठ म्हणतो मागच्याच दरात जातो का, मागे चार जण उभे आहेत. रिटर्न भाडं मिळालं नाही तर रिकामी गाडी आणायची, ते डिझेल कुणाच्या खात्यात मांडायचं?

आता पर्यावरण. २०२० ला बीएस सहा आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणलं, चांगलं झालं, धूर खरंच कमी झाला हे मी मानतो. पण नवीन गाडीला धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं. ते संपलं किंवा सेन्सर वेडा झाला की गाडी ताकदच सोडते. माझी खंबाटकीत मधोमध अशी बसली, मागे साताऱ्यापर्यंत लाईन लागली असेल आणि प्रत्येक जण माझ्या आईची चौकशी करून पुढे जात होता.

काळंरान_४५एचपी
@घाटातला_ब्रेक तुमच्या गाडीला पण युरिया? इथं आम्हाला ऐन पेरणीत एक गोणी मिळत नाय, वर दुकानदार लिंकिंग करतो, म्हणजे गोणीसोबत नको तो माल गळ्यात मारतो, आणि तुमचा ट्रक पितोय!

घाटातला_ब्रेक
आमचा वेगळा असतो हो, शुद्ध, पाण्यात साडेबत्तीस टक्के. पण तुमच्या सबसिडीच्या गोणीतून बाटल्या भरणारे पण आहेत, आणि तसली बाटली गाडीला घातली की हजारोंचा खर्च. विचारा मला.

हडसनकाठचा_सदू
न्यू जर्सीतून. मला वाटतं आपण मूळ मुद्दा टाळतोय. लोकसंख्या हाच सगळ्याचा मूळ प्रॉब्लेम आहे, १५ नोव्हेंबर २०२२ ला जग ८ अब्ज झालं, २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं, आणि आपण अजून टॅक्स टॅक्स करतोय. दर वेळी पुण्यात येतो तेव्हा जाणवतं, श्वास घ्यायला जागा नाही. बाय द वे, इकडे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं, केंद्राचा टॅक्सच गॅलनला २४.४ सेंट, पेट्रोलला १८.४. त्यामुळे साध्या गाड्या डिझेलच्या नाहीतच फारशा.

आकडेमोड्या
सदूभाऊ, एक हिशोब करू? एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे धागाकर्त्याचं एक एकर रोटाव्हेटर १८-१९ किलो. तुम्ही मुंबईला येऊन परत गेलात की तुमच्या एका सीटचे दोन टनांच्या आसपास होतात. म्हणजे तुमची एक दिवाळी = शंभर एकर रोटाव्हेटर. सरासरी भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या जवळपास, अमेरिकन चौदाच्या. तोंडं मोजायची तर ताटं पण मोजा.

चहाटळ
काळंरान, सदूभाऊंना एकरी १५०० लावा.

हडसनकाठचा_सदू
हा हा, लागला. मान्य. इथे दूध आणायला पण गाडी काढावी लागते, आमच्या घरात माणसं तीन आणि गाड्या तीन. पण म्हणून लोकसंख्येचा मुद्दा शून्य होत नाही. उद्या सगळ्या भारतीयांना माझ्यासारखं राहायचं असेल तर? आणि ते का राहू नये?

नर्सबाई_उपकेंद्र
शेवटचा प्रश्न चांगला आहे, पण त्याआधीचं जरा बोलते, कारण माझं निम्मं आयुष्य याच कामात गेलं. खडू सर म्हणाले आज कोणी बोलत नाही. बोलायची गरज कमी झाली सर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा जननदर बाईमागे २.० आला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या कायम राहायला २.१ लागतो. म्हणजे आपल्याकडे नवीन पिढी आधीच्या पिढीपेक्षा कमी जन्माला येतेय. तरी आकडा वाढताना दिसतो, कारण आधी जन्मलेल्या पोरी आता आया होतायत, तेवढी लाट ओसरेपर्यंत वाढणारच. माझ्या गावात झेडपीची शाळा पटाअभावी बंद पडायला आलीय आणि पारावर अजून 'तोंडं वाढली' चाललंय.

आणि हे कुणी केलं तेही सांगते. त्याच सर्वेक्षणात देशात बायकांची नसबंदी जवळजवळ ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. पूर्णांक शून्य तीन. ऑपरेशनची गाडी यायची तेव्हा बाया तान्ही पोरं घेऊन यायच्या, चौथ्या दिवशी परत खुरपायला. लोकसंख्येवर पारावर बोलणारे सगळे कोण असतात ते मोजा एकदा.

पाटलांची_धाकटी
नर्सबाई ___/\___

बारामतीकडचा
नर्सबाई बरोबर. शिवाय आपल्या राज्यात २००१ पासून तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. त्याने पोरं किती कमी झाली ते देव जाणे, आमच्याकडे एकाने तिसरं भावाच्या नावावर लावलं. पोरगं आता बापाला काका म्हणतं आणि काकाला आप्पा.

निवृत्त_खडू
नर्सबाई, कान पकडले. १.७ मला माहीत नव्हता. आपल्याच राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यांना खटले, नोकरी, सगळं भोगावं लागलं. ते बिचारे बाईच्या हक्काबद्दल बोलत होते, आम्ही शाळेत ते देशाच्या आकड्यापुरतं शिकवलं. चूक आहे ती.

तांडेलाचो_झील
मी दापोलीकडचा, घरचा ट्रॉलर आहे. तुम्ही एकरी सात लिटरवर भांडताय, आमची एक खेप आठ-दहा दिवसांची, हजार-बाराशे लिटर डिझेल, वर बर्फ, रेशन, खलाशांचा पगार. मासळी मिळाली तर मिळाली. सरकार डिझेलवरचा व्हॅट परत देतं म्हणे, देतं पण, पण आधी पूर्ण पैसे भरायचे आणि परताव्याची वाट बघत बसायचं, तोपर्यंत व्यापाऱ्याची उचल घ्यायची आणि मग मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावात. मार्च २०२२ ला घाऊक ग्राहकांचं डिझेल पंपापेक्षा २५ रुपयांनी महाग झालं आणि मच्छीमार सोसायटीचे पंप घाऊकमध्ये धरले. स्वस्त मिळावं म्हणून काढलेली सोसायटी, आणि लोक कॅन घेऊन रस्त्यावरच्या पंपावर उभे!

पण मला सांगायचं वेगळंच आहे. बाबा सांगतात, त्यांच्या वेळी किनारा दिसत असायचा तिथे जाळं भरायचं. आता आम्ही किनारा सोडून तासन्‌तास बाहेर जातो. मासळी लांब गेली कारण आम्हीच ओरबाडली, पर्ससीनची अख्खा थवा घेरणारी जाळी, एलईडी लाईट, पिल्लं सुद्धा सोडली नाहीत. मासळी लांब म्हणून डिझेल जास्त, डिझेल जास्त म्हणून खर्च वसूल करायला अजून बारीक आसाचं जाळं, म्हणून मासळी अजून लांब. कोळीवाड्यात माणसं काही दुप्पट झाली नाहीत, इंजिनं झाली. जूनजुलैची बंदी दोन महिने असते, तेवढंच समुद्राला बाळंतपण.

पाटलांची_धाकटी
झील, हे वाचून थांबले जरा. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

राईनवरून
जर्मनीतून थोडं. धागाकर्त्याच्या पुतण्याचा प्रयोग शेजारी फ्रान्समध्ये करून झालाय. पर्यावरणासाठी म्हणून डिझेलवरचा कर वाढवत नेला, नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकात बसले, आणि जानेवारी २०१९ ची वाढ सरकारने डिसेंबरमध्येच गुंडाळली. जाकीट पिवळं का, तर ते प्रत्येक गाडीत ठेवायचं बंधनच आहे, आयता गणवेश. भांडण पर्यावरणाशी नव्हतं, पॅरिसवाल्याकडे मेट्रो आहे आणि खेड्यातल्या माणसाला ३० किमीवर कामाला जायला जुनी डिझेल गाडीच आहे. बोजा कुणावर? आमच्या इथे तर अजूनही डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर आहे, लिटरला ४७ सेंट विरुद्ध ६५.

लालपरी_प्रेमी
हेच म्हणायला आलो. एसटी पन्नास माणसं घेऊन जाते आणि शेजारून एकटा माणूस एसयूव्हीत एसी लावून जातो, दोघांना डिझेल एकाच भावात. जानेवारी २०२५ ला एसटीची भाडेवाढ झाली जवळजवळ १५ टक्के, एसयूव्हीवाल्याची झाली का? १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची शिवाई. मी मुद्दाम बसलो होतो. आवाज नाही, धूर नाही, फक्त खड्डे तेच.

जुनं_इंजिन
अवांतर. डिझेल हे माणसाचं आडनाव आहे हे किती जणांना माहितीय? रुडॉल्फ डिझेल. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. १९१३ ला तो जहाजातून इंग्लंडला निघाला आणि रात्रीत गायब झाला. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं, हँडल मारताना उलटा झटका बसला की मनगट गेलंच. पहाटे चारही बाजूंनी टुक टुक टुक सुरू झालं की कुणाचं इंजिन कुठलं ते आवाजावरून ओळखायचो.

चहाटळ
शेंगदाण्याचं तेल? म्हणजे आज डिझेलच स्वस्त पडतंय की.

बांधावरचा_एरंड
तेलाचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो, आयडी बघून कळलंच असेल. २००३ च्या सुमारास जट्रोफाची हवा होती, मोगली एरंड. पडीक रानात लावा, पाणी नको, खत नको, बियांपासून डिझेल, परकीय चलन वाचणार. एक जण रोपं विकायला आला, चकचकीत पुस्तक, हमीभावाची बोली. वडिलांनी दोन एकर मुरमाड रानात लावलं. पाणी नको हे खरं होतं, झाड जगलं. फक्त बी धरलं नाही. जे धरलं ते घ्यायला कोणी आलं नाही. आता ते बांधाला कुंपण म्हणून आहे, जनावर तोंड लावत नाही एवढा एक उपयोग.

जालन्याचा_ऊन
आमच्याकडे उलट, सौर पंपाने खरंच सुटका केली. पाच एचपी, दहा टक्के आपला हिस्सा भरला, दीड वर्ष वाट बघितली पण बसला. आधी डिझेल इंजिनवर भिजवायचो, मोसंबीला उन्हाळ्यात रोज चारशे-पाचशेचं डिझेल. आता सकाळी ऊन आलं की पाणी सुरू, रात्रीचं विंचूकाट्यात जाणं बंद. इंजिन भंगारात दिलं.

घाटातला_ब्रेक
आणि बोअर किती फुटावर?

जालन्याचा_ऊन
खपलीवर बोट ठेवलंत. आधी दोनशे, आता साडेपाचशे. डिझेल होतं तेव्हा इंजिन बंद करायला हात जायचा, पैसे दिसायचे. ऊन फुकट आहे म्हणून शेजारीपाजारी सगळेच दिवसभर उपसतोय. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

धागापाल
मधले दोन प्रतिसाद काढले आहेत. कुठल्या जातीधर्माला किती मुलं होतात यावर इथे चर्चा होणार नाही. राजकारणाचे फटाके दुसरीकडे फोडा.

काळंरान_४५एचपी
मंडळी, सगळं वाचलं, डोकं गरगरलं, फ्रान्स झालं, जहाजातनं माणूस गेला, पण माझा पहिला प्रश्न कुणीच घेतला नाही. रोटाव्हेटरचा दर काय???

बारामतीकडचा
अरे हो की. आमच्याकडे १६००, उसाचं खोडवं मोडायचं असेल तर जास्त.

परभणीची_कपाशी
इकडं १४००. पण भांडणं नको असतील तर आमच्या गावात दोन वर्षं एक पद्धत पडलीय, ती बघा. डिझेल ज्याचं त्याचं. टाकी फुल करून रानात घालायचं, काम झालं की परत पंपावर, जेवढं बसेल तेवढ्याचे पैसे रानवाल्याने पंपावर द्यायचे. ट्रॅक्टरवाल्याला एकरी ९०० वेगळे. भाव वाढला काय उतरला काय, ट्रॅक्टरवाल्यावर आळ नाही.

काळंरान_४५एचपी
हे झ्याक आहे. करून बघतो. पहिलं गिऱ्हाईक गुरुजीच आहेत, दोन एकर.

काळंरान_४५एचपी
(सहा दिवसांनी) केलं बरं का मंडळी. गुरुजी स्वतः मडगार्डवर बसून पंपावर आले. टाकीत साडेतेरा लिटर बसलं, १२१५ रुपये गुरुजींनी दिले, पावती घडी घालून खिशात. वर माझे १८०० दिले. एकूण ३०१५ झाले. माझ्या १५०० च्या दरानं ३००० झाले असते, पण गुरुजी गावभर सांगतायत की आता कसा हिशोब चोख झाला. पुतण्याला पण पद्धत पटली, म्हणला किती जळलं ते डोळ्यांना दिसतं.

फक्त एक राहिलं. पंप आमच्यापास्नं चार किलोमीटर. जाऊन यायला जे लिटरभर गेलं ते कुणाचं? गुरुजी म्हणतात तुझं, मी म्हणतो त्यांचं. पारावर परत बसलेत सगळे.

चहाटळ
लोकसंख्येचं.